फेरखटल्याआधी सरकारने हिशेब द्यावा

2025 च्या जुलैत दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल आले. 21 तारखेला मुंबई उच्च न्यायालयाने 11 जुलै 2006 च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात शिक्षा झालेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. 31 तारखेला मुंबईच्या विशेष न्यायालयाने 2008 च्या मालेगाव स्फोटातल्या सातही आरोपींची मुक्तता केली. पहिल्या घटनेला 19 वर्षं उलटली होती, दुसरीला 17 वर्षं पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते. त्यानंतर वाहिन्यांवर आणि व्हॉट्सॲपच्या गटांत एक मागणी घुमू लागली: ‘खटला पुन्हा चालवा.’ तिचं उत्तरही ठरलेलं होतं: ‘इतकी वर्षं छळलंत, आता पुरे.’ मला अस्वस्थ केलं ते वेगळ्याच गोष्टीने. पहिल्या निकालावर ‘पुन्हा चालवा’ म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांना दहाच दिवसांनी ‘आता पुरे’ वाटू लागलं, आणि ‘आता पुरे’ म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांना ‘पुन्हा चालवा’. आरोपीचं नाव ऐकून ज्याची भूमिका ठरते, त्याला फेरखटल्याचा प्रश्न पडलेलाच नसतो.

प्रश्न मात्र खरा आहे. पहिला खटला सदोष निघाला, निकाल रद्द झाला आणि दरम्यान दहा-पंधरा वर्षं गेली, तर त्याच माणसाला त्याच आरोपासाठी पुन्हा उभं करायचं का? माझं म्हणणं असं की, याचं उत्तर नुसत्या वर्षांच्या आकड्यावर ठरू नये. पण ते सरकारच्या सोयीवरही सोडू नये. फेरखटला मागणाऱ्या सरकारने आधी हिशेब द्यावा. कोणते साक्षीदार हयात आहेत, कोणता मुद्देमाल शाबूत आहे, पहिला खटला कोणाच्या चुकीने फसला आणि आरोपीने आतापर्यंत तुरुंगात किती काळ काढला, हे सगळं कागदावर मांडावं. हा हिशेब जमत नसेल तर न्यायालयाने फेरखटल्याचा आदेश देऊ नये, आणि आधीच दिला असेल तर तो खटला थांबवावा. काळ मोजायचा तो पहिल्या अटकेपासून. फेरखटल्याच्या आदेशापासून मोजणं म्हणजे मधली सगळी वर्षं पुसून टाकणं होईल.

आपल्याकडे हा प्रश्न इतर देशांपेक्षा जास्त टोकदार आहे. अमेरिकेत ज्युरीने एकदा निर्दोष ठरवलं की सरकारला त्याच आरोपाचा खटला पुन्हा उभा करता येत नाही. आपल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 386 ने, आणि आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 427 ने, अपील ऐकणाऱ्या न्यायालयाला निर्दोष मुक्ततेवरच्या अपिलातही फेरखटल्याचा आदेश देण्याचा अधिकार दिला आहे. म्हणजे ज्या बाजूच्या हातात पोलीस, प्रयोगशाळा आणि सरकारी वकील आहेत, तिलाच दुसरी संधी मिळू शकते. हा अधिकार असू नये असं मी म्हणत नाही. तो असल्यामुळे त्यावरचा लगाम घट्ट हवा, एवढंच.

या लगामाचा इतिहास महाराष्ट्राशी जोडलेला आहे. माजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्यावरचा सिमेंट वाटपाच्या बदल्यात देणग्या घेतल्याचा खटला भाजपचे नेते रामदास नायक यांच्या तक्रारीवरून 1982 मध्ये सुरू झाला. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो विशेष न्यायाधीशांकडून काढून मुंबई उच्च न्यायालयाकडे दिला. तिथे साक्षीदार तपासले गेले, आरोप ठेवले गेले. मग 1988 मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवलं की ही बदलीच मुळात चुकीची होती. झालेलं सगळं काम वाया गेलं आणि चूक दस्तुरखुद्द सर्वोच्च न्यायालयाची होती. याच अंतुलेंच्या नावाने ओळखला जाणारा, डिसेंबर 1991 मध्ये पाच न्यायमूर्तींनी दिलेला निकाल आजही या विषयाचा पाया आहे. जलद खटल्याचा हक्क तपास, खटला, अपील अशा सगळ्या टप्प्यांना लागू आहे, असं त्यात सांगितलं आहे, आणि त्या टप्प्यांत फेरखटल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. विलंबाला जबाबदार कोण, हा पहिला प्रश्न विचारा, असंही त्यात म्हटलं आहे. ठरावीक कालमर्यादा घालायला मात्र त्या पीठाने नकार दिला. पुढे काही निकालांनी मर्यादा घालून पाहिल्या, पण 2002 मध्ये सात न्यायमूर्तींनी त्या पुसून टाकल्या.

कालमर्यादा नाकारण्यामागे भक्कम कारण आहे, हे मान्य करायला हवं. कॅनडात 1990 च्या एका निकालानंतर ओंटारिओ प्रांतात एका वर्षाच्या आसपास चाळीस हजारांहून अधिक आरोप केवळ उशिरामुळे निकाली निघाले. आपल्याकडे जिल्हा न्यायालयांत तीन कोटींहून जास्त फौजदारी प्रकरणं पडून आहेत. इथे सरसकट आकडा ठरवला तर काय होईल? ज्याच्याकडे पैसा आहे तो दर तारखेला नवा अर्ज टाकेल आणि घड्याळाकडे बघत बसेल. ज्याच्याकडे नाही, त्याचा खटला मुदतीत उरकायचा म्हणून घाईघाईत चालवला जाईल. तेव्हाचे रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्र यांच्यावर जानेवारी 1975 मध्ये बिहारमध्ये समस्तीपूरला बॉम्ब टाकला गेला. त्या खटल्यातल्या आरोपींनी 37 वर्षं झाल्याचं कारण देऊन तो रद्द करण्याची मागणी केली, तेव्हा 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. विलंबात आरोपींचाही वाटा होता, हे त्यामागचं एक कारण. निकाल 2014 च्या डिसेंबरात लागला. या घटनाक्रमाचा मला संताप येतो. तरीही केवळ आकडा पाहून तो खटला रद्द झाला असता तर ते योग्य ठरलं असतं, असं मी म्हणू शकत नाही.

याहून कठीण उदाहरण अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याचं आहे. मेडगर एव्हर्स या कृष्णवर्णीय नेत्याचा 1963 च्या जूनमध्ये त्यांच्या घरासमोर खून झाला. 1964 मध्ये आरोपी बायरन डे ला बेकविथवर दोनदा खटला चालला. दोन्ही वेळा ज्युरीतले सगळे गोरे पुरुष होते आणि दोन्ही वेळा त्यांचं एकमत झालं नाही. तिसरा खटला 1994 मध्ये चालला. खुनाला तोवर तीस वर्षं होऊन गेली होती. त्यात त्याला जन्मठेप झाली आणि ती भोगत असतानाच तो मेला. ‘विलंब झाला की खटला थांबवा’ हा नियम तिथे लावला असता, तर एका वंशवादी व्यवस्थेने स्वतःच घडवलेला विलंब स्वतःच्या माणसाला सोडवायला वापरला असता. आपल्याकडे गुजरात दंगलीतलं बेस्ट बेकरी प्रकरण याच जातीचं. 1 मार्च 2002 ला वडोदऱ्यात 14 जण मारले गेले, जून 2003 मध्ये सगळे आरोपी सुटले आणि दहा महिन्यांच्या आत, एप्रिल 2004 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने गुजरातबाहेर, मुंबईत फेरखटला चालवायचा आदेश दिला. फेब्रुवारी 2006 मध्ये नऊ जणांना जन्मठेप झाली. पुढे 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यातल्या चौघांची कायम ठेवली. जिथे पहिला खटला दहशतीने किंवा सत्तेच्या कृपेने पोखरलेला असतो, तिथे फेरखटला हाच खरा पहिला खटला असतो. तो थांबवू नये.

पण या दोन्ही उदाहरणांत नेमकं काय टिकून होतं, तेही पाहायला हवं. मिसिसिपीत पहिल्या खटल्याच्या नोंदींची प्रत एव्हर्स यांच्या पत्नीने अनेक वर्षं जपून ठेवली होती. खुनाची रायफल सरकारी वकिलाच्या दिवंगत सासऱ्यांच्या, म्हणजे एका न्यायाधीशाच्या, घरी सापडली. बेस्ट बेकरीत घटनेनंतर चार वर्षांच्या आत निकाल लागला होता. म्हणजे पुरावा जिवंत होता आणि पहिला खटला फसण्यात आरोपीच्या बाजूच्या शक्तींचा हात होता. हे दोन्ही घटक काढून टाकले की फेरखटल्याच्या बाजूचा युक्तिवाद निम्म्याहून अधिक ढासळतो, आणि आपल्याकडच्या बहुतेक जुन्या खटल्यांत ते नसतातच. तिथे पहिला खटला फसतो तो तपासी अंमलदाराच्या ढिलाईने, खटला भरण्याच्या चुकीच्या मंजुरीने किंवा आरोपीला वकील न दिल्याने.

पुरावा मरतो म्हणजे काय होतं, हे सत्र न्यायालयात एखादा दिवस बसलं की कळतं. जुन्या खटल्यातला पंच पिंजऱ्यात येतो. चौदा वर्षांपूर्वी त्याला पोलिसांनी हॉटेलातून किंवा पानाच्या टपरीवरून बोलावून नेलेलं असतं आणि पंचनाम्यावर सही घेतलेली असते. आता त्याला विचारलं जातं की पाकिटावरचं लाखेचं सील कोणत्या रंगाचं होतं, चाकू कोणाच्या हातात होता, दिवा लागला होता का. तो पंचनाम्याकडे बघतो, सही ओळखतो, पुढे गप्प राहतो. मुद्देमालाचं कापडी गाठोडं सोडलं तर लेबलावरची शाई उडालेली असते आणि कापडावरचा डाग रक्ताचा की गंजाचा हे डोळ्यांना सांगता येत नाही. मग बचावाचा वकील उठतो आणि ‘हे तुम्ही पोलीस जबाबात सांगितलं होतं का’ या प्रश्नावर उलटतपासणी उभी करतो. साक्षीदार म्हणतो, ‘आठवत नाही.’ ते खरंच असतं. फेरखटल्यात तर हाच साक्षीदार पहिल्या खटल्यातली स्वतःची जबानी वाचून आलेला असतो. त्याला घटना आठवते की पूर्वीचं बोलणं, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. उलटतपासणी हे आरोपीच्या हातातलं सर्वांत धारदार हत्यार. विस्मरणापुढे ते बोथट होतं.

साक्षीदार हयातच नसेल तर? अभिनेता सलमान खान याच्यावरच्या 2002 च्या वांद्र्यातल्या अपघाताच्या खटल्याचा प्रवास मुंबईकरांना माहीत आहे. आधी तो निष्काळजीपणाच्या आरोपाखाली दंडाधिकाऱ्यांपुढे चालला, तिथे साक्षी झाल्या. पुढे आरोपाचं कलम वाढून तो सत्र न्यायालयात गेला आणि 2013 च्या डिसेंबरात सगळे साक्षीदार नव्याने तपासायचा आदेश झाला. घटनेला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. ज्या पोलीस शिपायाच्या फिर्यादीवर खटला उभा होता, तो 2007 मध्येच वारला होता. त्याची दंडाधिकाऱ्यांपुढची जबानी फेरखटल्यात वापरली गेली. मे 2015 मध्ये शिक्षा झाली आणि डिसेंबर 2015 मध्ये उच्च न्यायालयाने, त्या जबानीवर पूर्ण विसंबता येत नाही असं सांगत, आरोपीला निर्दोष सोडलं. तो निकाल बरोबर की चूक, यात मी इथे जात नाही. पण मृताला वाढलेल्या आरोपाबद्दल नवा प्रश्न विचारता येत नव्हता. सरकारचीही त्यात हानी झाली आणि बचावाचीही. फुटपाथवर झोपलेल्या ज्या माणसाचा जीव गेला, त्याच्या घरच्यांना तेरा वर्षांनी काय मिळालं?

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा खटला दिल्लीचा आहे. 30 डिसेंबर 1997 ला तिथे एका बसमध्ये स्फोट होऊन चार जण ठार आणि 24 जखमी झाले. अटक झालेल्या पाकिस्तानी नागरिकाला 2004 मध्ये फाशीची शिक्षा झाली आणि 2006 मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयात मूळ कागद उघडले तेव्हा दिसलं की, सरकारच्या 65 साक्षीदारांपैकी 56 जणांची साक्ष झाली तेव्हा आरोपीच्या बाजूने वकीलच नव्हता. फाशीच्या खटल्यात! जानेवारी 2012 मध्ये दोन्ही न्यायमूर्तींनी शिक्षा रद्द केली, पण पुढे काय यावर त्यांचं पटलं नाही. न्या. दत्तू म्हणाले, खटला नव्याने चालवा. न्या. प्रसाद म्हणाले, घटनेला चौदा वर्षं झाली, आता फेरखटला नको. प्रकरण तिघांच्या पीठाकडे गेलं. त्यांनी 31 ऑगस्ट 2012 ला न्या. दत्तूंच्या बाजूने कौल दिला: गुन्हा गंभीर आहे, फेरखटला चालवा, वकील द्या आणि तीन महिन्यांत संपवा. जानेवारी 2013 मध्ये सत्र न्यायालयाने त्या माणसाला स्फोटाच्या आरोपातून निर्दोष सोडलं.

हे उदाहरण माझ्या भूमिकेला अडचणीचं आहे. न्या. प्रसाद यांचं म्हणणं टिकलं असतं तर तो माणूस सुटला असता, पण संशयाच्या छायेत. ‘वेळ गेला म्हणून वाचला’ हा शिक्का आयुष्यभर राहिला असता. फेरखटल्याने त्याला स्वच्छ निकाल दिला. निर्दोष माणसाला फेरखटला हवासा वाटू शकतो, हे मी मनापासून मान्य करतो, आणि म्हणून आरोपी स्वतः फेरखटला मागत असेल तर विलंबाच्या नावाखाली तो नाकारू नये. पण सरकार मागत असेल तर? तिघांच्या पीठाचं एक विधान मला पटत नाही. जलद खटल्याचा हक्क हिरावला गेला म्हणजे आरोपीच्या बचावाला आपोआप बाधा येते असं नाही. न्याय्य खटल्याचा हक्क हिरावला तर मात्र येते, असा भेद त्यांनी केला. पहिल्या खटल्यापुरता हा भेद कदाचित चालेल. फेरखटल्यात तो टिकत नाही, कारण फेरखटला होतो तोच मुळी पहिला न्याय्य नव्हता म्हणून. पहिल्या वेळी वकील नसल्याने जो प्रश्न विचारलाच गेला नाही, तो पंधरा वर्षांनी ‘आठवत नाही’ म्हणणाऱ्या साक्षीदाराला विचारून काय उपयोग? एका अन्यायाची भरपाई दुसऱ्या खटल्याने करायची, पण त्या भरपाईचा बराचसा भाग काळाने आधीच खाल्लेला असतो.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये याच प्रश्नावर निकाल दिला. 2016 पासून तिथे वरिष्ठ न्यायालयांतल्या खटल्यांना 30 महिन्यांची कमाल मर्यादा आहे. फेरखटल्यात हे घड्याळ शून्यापासून सुरू होतं, असं न्यायालयाने ठरवलं. फेरखटल्यांना प्राधान्य द्या, एवढी पुस्ती जोडली. तिथल्या वेगाला हे परवडत असेल. आपल्याकडे घड्याळ शून्यावर आणलं की काय होतं? बिहारमधल्या एका अभियंत्यावर 1981 मध्ये हजार रुपये लाच मागितल्याचा आरोप आला. तपास करणाऱ्याला अधिकारच नव्हता म्हणून 1990 मध्ये उच्च न्यायालयाने कार्यवाही रद्द केली आणि नवा तपास तीन महिन्यांत करा असं सांगितलं. सात वर्षांहून जास्त काळ काहीच हललं नाही. शेवटी 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळंच रद्द केलं. हजार रुपयांच्या आरोपाखाली त्या माणसाची 28 वर्षं गेली. दुसरी संधी मिळाल्यावरही सरकार झोपलं, त्याला आरोपी कसा जबाबदार?

आता पीडितांबद्दल. ‘तुम्हाला आरोपीचंच पडलं आहे, गेलेल्यांचं नाही,’ हा आक्षेप येतोच, आणि तो हलका नाही. 2006 च्या स्फोटांत 180 हून अधिक लोक गेले, ऑफिसमधून घरी परतताना. त्यांच्या घरच्यांना ‘पुरावा जुना झाला’ हे कोणत्या तोंडाने सांगायचं? पण उच्च न्यायालयाने शिक्षा रद्द करताना दाखवलेले दोष डोळ्यांसमोर आणा. टॅक्सीचालकांनी आरोपींना ओळखलं ते शंभराहून अधिक दिवसांनी. जप्त स्फोटकं नीट सीलबंद करून सुरक्षित ठेवली होती, हे सरकार सिद्ध करू शकलं नाही. कबुलीजबाब विश्वासार्ह ठरले नाहीत. यातला एकही दोष फेरखटल्याने दुरुस्त होणारा आहे का? शंभर दिवसांनी धूसर वाटलेला चेहरा वीस वर्षांनी स्पष्ट होत नाही, आणि तेव्हा न लागलेलं सील आज लावता येत नाही. सरकारचं अपील सर्वोच्च न्यायालयात आहे; तिथे याच पुराव्यावर दोन्ही बाजू लढतील आणि ते योग्यच आहे. पीडितांना फेरखटल्याची आशा दाखवणारे त्यांना आणखी दहा वर्षांच्या तारखा देऊ करत आहेत. तपासात चूक कोणी केली याची स्वतंत्र चौकशी मात्र कोणी मागताना दिसत नाही, आणि खऱ्या अर्थाने पीडितांच्या बाजूची मागणी तीच आहे.

विलंब आरोपीनेच केला असेल तर? मग त्याचा फायदा त्याला मिळू नये, यात वाद नाही. त्यासाठी अंदाजाची गरजही नाही. प्रत्येक न्यायालयात खटल्याचा रोजनामा असतो. कोणत्या तारखेला कोण गैरहजर होतं, तहकुबी कोणी मागितली, साक्षीदार आला असताना सरकारी वकील होते का, आरोपीला तुरुंगातून आणायला पोलीस बंदोबस्त मिळाला का, हे सगळं त्यात असतं. आज विलंबाच्या वादात दोन्ही बाजू मोघम बोलतात आणि न्यायालयही ‘व्यवस्थेतला विलंब’ म्हणून पुढे जातं. ‘व्यवस्था’ म्हणजे कोण? न्यायाधीशाची जागा दोन वर्षं रिकामी राहिली तर ती आरोपीने रिकामी ठेवलेली नसते. असा विलंब सरकारच्या खाती जायला हवा.

आणि भोगलेल्या तुरुंगवासाचं काय? जिथे कमाल शिक्षा सात वर्षं आहे आणि आरोपी पाच वर्षं आत राहिला आहे, तिथे फेरखटल्याचा हेतू तरी काय उरतो? नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 निम्मी कमाल शिक्षा भोगलेल्या कच्च्या कैद्याला जामिनाचा हक्क देतं. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही. त्याच धर्तीवर, कमाल शिक्षेचा बहुतांश भाग आधीच भोगला असेल तर फेरखटला नको, असा नियम सर्वोच्च न्यायालयाला आजही घालून देता येईल. जन्मठेपेच्या आणि फाशीच्या आरोपांना तो लावता येणार नाही, हे मला कळतं. तिथे पुराव्याची आणि दोषाची तपासणीच निर्णायक राहील.

या सगळ्यासाठी नवा कायदा होण्याची वाट पाहायला नको. फेरखटल्याचा आदेश देणाऱ्या उच्च न्यायालयाने तो देण्यापूर्वी सरकारकडून हयात साक्षीदारांची आणि शाबूत मुद्देमालाची यादी शपथपत्रावर मागवावी, रोजनामा मागवावा आणि आरोपीला बोलू द्यावं. आदेशातच मुदत लिहावी. मुदत संपली आणि खटला संपला नाही, तर सरकारने महिन्याभरात कारण द्यावं; आरोपीचा दोष नसल्याचं दिसलं तर खटला तिथेच थांबावा. दिल्लीच्या खटल्यात तीन महिन्यांची मुदत दिली आणि चार महिन्यांच्या आसपास निकाल लागला, तोही स्फोटाच्या आणि फाशीच्या आरोपाखालच्या प्रकरणात.